जखमीने एकटे का जावे?

गाडीने उडवलेला माणूस रुग्णालयात पडलेला असतो आणि त्याच्या खाटेभोवती सल्ल्यांची गर्दी होते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. गाडीवाला भला दिसतोय, बिलाचे बघतो म्हणतोय, मिटवून टाका. क्लेम टाकायचाच असेल तर आपला आपण टाका, वकील घातला की निम्मे तो खातो. हा सल्ला पूर्वी मामा-काकांचा होता. आता त्याला शिकलेल्या, कायदा थोडाफार वाचलेल्या माणसांचा पाठिंबा मिळू लागला आहे, आणि म्हणून त्याला उत्तर देणे भाग आहे.

या मंडळींचे म्हणणे आधी नीट मांडतो. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण म्हणजे नेहमीचे दिवाणी न्यायालय नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६९ने त्याला संक्षिप्त पद्धतीने काम चालवायची मुभा दिली आहे. कलम १६८ त्याला 'न्याय्य' वाटेल ती भरपाई ठरवायला सांगते, आणि अर्जात मागितली त्याहून जास्त रक्कमही न्यायाधिकरण देऊ शकते असे सर्वोच्च न्यायालयाने नागप्पा खटल्यात सांगून टाकले आहे. १ एप्रिल २०२२ पासून तर पोलिसांवरच जबाबदारी आली आहे. ४८ तासांत पहिला अहवाल, ५० दिवसांत अंतरिम, ९० दिवसांत सविस्तर, आणि तो अहवालच दाव्याचा अर्ज म्हणून धरायचा. भरपाईचे गणितही ठरलेले. सरला वर्मा खटल्याच्या २००९च्या निकालात वयानुसार गुणकांचे कोष्टक आहे, प्रणय सेठी खटल्यात २०१७ साली घटनापीठाने भविष्यातील उत्पन्नवाढीचे टक्के बांधून दिले. वय माहीत, पगार माहीत, गुणाकार करा. मधला वकील हवाच कशाला?

सुटे सुटे पाहिले तर यातले एकही विधान चुकीचे नाही. पण ही सगळी मांडणी मृत्यूच्या दाव्याकडे बघून केलेली आहे आणि सल्ला मात्र दिला जातो जखमीला. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. म्हणजे ज्यांच्याविषयी आपण बोलतो आहोत ते मेलेल्यांच्या अडीचपटीहून अधिक आहेत, आणि त्यांचा दावा मुळातच वेगळ्या जातीचा आहे. मृत्यू सिद्ध करायला एक दाखला पुरतो. गुडघा पूर्वीसारखा वाकत नाही, हे सिद्ध करायला काय पुरते?

राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१०च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाचे जे उत्तर दिले, त्यावर आजही जखमींचे सगळे दावे चालतात. डॉक्टरांनी लिहिलेले अपंगत्वाचे टक्के म्हणजे कमाईचे नुकसान नव्हे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. एका हातापायाचे टक्के वेगळे, पूर्ण शरीराचे वेगळे, आणि कमाईच्या ताकदीवर झालेला परिणाम त्याहून वेगळा. न्यायालयाने दिलेले उदाहरण डाव्या हाताचे आहे. हात तुटला तर शारीरिक अपंगत्व साधारण ६० टक्के धरतील. तो माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ पूर्ण बुडाली. तोच सरकारी कारकून असेल तर नोकरी टिकेल, पगारही टिकेल.

आता हे आपल्याकडच्या एखाद्या माणसावर लावून बघू. उदाहरण काल्पनिक आहे, पण असे लोक पुणे–नाशिक रस्त्यावर रोज दिसतात. नारायणगावहून वाशीच्या बाजारात टोमॅटो नेणारा टेम्पोचालक, वय ३२, महिन्याची कमाई १८,००० रुपये. मागून ट्रकने ठोकले, उजव्या गुडघ्याचा चुरा झाला, प्लेट आणि स्क्रू बसले. अपंगत्वाच्या दाखल्यावर पायाचे २५ टक्के लिहिले आहेत. वर्षाची कमाई २,१६,०००. स्वतःचा धंदा करणारा आणि चाळिशीच्या आतला, म्हणून ४० टक्के वाढ धरायची, झाले ३,०२,४००. गुणक १६, म्हणजे एकूण ४८,३८,४००. दाखल्यावरचे २५ टक्के जसेच्या तसे उचलले तर भविष्यातील कमाईच्या नुकसानीचे १२,०९,६०० रुपये येतात. पण ब्रेक-ॲक्सिलरेटर दाबता येत नाही, हमालाबरोबर क्रेट उतरवता येत नाही, अवजड गाडीचे काम कायमचे गेले, हे पुराव्यानिशी मांडले आणि न्यायाधिकरणाने कमाईची हानी ६० टक्के मानली, तर तीच रक्कम २९,०३,०४० होते. उलट कमाईचाच कागद नसेल आणि न्यायाधिकरणाने महिना १०,००० रुपये अंदाजाने धरले, वर २५ टक्केच लावले, तर हातात ६,७२,००० येतात. अपघात तोच, गुडघा तोच, न्यायाधीशही तेच. सहा लाख बहात्तर हजार आणि एकोणतीस लाख यांच्यामधले अंतर कोष्टकाने पडलेले नाही, ते पुराव्याने पडले आहे. गुणाकार कुणालाही येतो. प्रश्न आहे तो गुणाकारात कोणते आकडे जातात याचा.

आणि हे फक्त एका सदराचे झाले. उपचाराचा खर्च, बरे होईपर्यंत बुडालेली मजुरी, पुढे प्लेट काढायच्या शस्त्रक्रियेचा अंदाज, सोबतीला ठेवलेल्या माणसाचा खर्च, वेदना, जगण्यातल्या सुखाला मुकणे ही सगळी स्वतंत्र सदरे आहेत. जी सदरे मांडलीच नाहीत ती न्यायाधिकरण स्वतःहून भरू शकते, हे कागदावर खरे, पण प्रत्यक्षात तसे घडतेच असे नाही. भविष्यातील वाढीचेच घ्या. प्रणय सेठीचा निकाल मृत्यूच्या दाव्यातला होता, त्यामुळे तो जखमींना लागू होतो की नाही यावर वाद होत राहिला. अखेर २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने एका तरुण टंकलेखकाच्या दाव्यात स्पष्ट केले की कायमचे अपंगत्व आलेल्यालाही ही वाढ मिळाली पाहिजे. हात गमावलेल्या त्या तरुणाला हे मिळाले ते अपिलांच्या पायऱ्या चढून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्यावर. 'न्याय्य भरपाई आपोआप मिळते' म्हणणाऱ्यांनी त्याचा प्रवास एकदा बघावा.

पुरावा तयार कसा होतो, हे मात्र या वादात कुणी सांगत नाही. तो रुग्णालयाच्या पहिल्या कागदापासून सुरू होतो. तातडीच्या विभागात कुणीतरी घाईघाईने विचारतो, काय झाले? घाबरलेला नातेवाईक म्हणतो, गाडीवरून पडला. कागदावर तेवढेच उतरते. दोन वर्षांनी विमा कंपनीचा वकील तोच कागद पुढे करून म्हणतो, ट्रक कुठे आहे यात? हा तर आपला आपण घसरला. तोंडाला दारूचा वास, अशी एक नोंद असेल तर संपलेच. त्यावर काय करायचे, एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, ट्रकवरचे घासल्याचे डाग, सोबत्याचा जबाब यांची सांगड कशी घालायची, हे खाटेवरच्या माणसाला कळावे अशी अपेक्षा करणे क्रूरपणाचे आहे. कमाईचेही तसेच. टेम्पोवाल्याकडे पगाराची स्लिप नसते. अडत्याच्या पट्ट्या असतात, डिझेलच्या पावत्या असतात, टेम्पोच्या कर्जाचे हप्ते बँकेच्या खात्यातून गेलेले असतात. हे सगळे पुरावे आहेत, फक्त ते तसे कुणीतरी ओळखावे लागतात.

मग डॉक्टर. राजकुमार निकालाने बजावले आहे की ज्याने उपचार केले नाहीत अशा डॉक्टरने सहज देऊन टाकलेल्या दाखल्यावर विसंबू नये, आणि वैद्यकीय पुरावा येत असताना न्यायाधिकरणाने नुसते बघत राहू नये. दुसरे वाक्य आपल्या विरोधकांना फार आवडते. न्यायाधीशच विचारतील की! विचारतीलही. पण शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरला साक्षीला बोलवायचा अर्ज न्यायाधीश करत नाहीत. त्यांच्या तोंडून 'हा माणूस पुन्हा अवजड वाहन चालवू शकणार नाही' हे एक वाक्य नोंदवून घेण्यासाठी नेमका कोणता प्रश्न विचारायचा, हे कुणीतरी आधी ठरवावे लागते. समोरचा वकील उलटतपासणीत विचारणारच असतो की, फिजिओथेरपी केली तर सुधारणा होईल ना? डॉक्टर प्रामाणिक असतो, म्हणतो, होऊ शकते. त्या दोन शब्दांत दहा-बारा लाख गेले.

समोरचा वकील! वकिलाविना न्यायाची भाषा करणारे याच्याविषयी अवाक्षर काढत नाहीत. विमा कंपनी कधीही एकटी येत नाही. तिच्याकडे पॅनेलवरचे वकील असतात, तपासनीस असतात, वर्षानुवर्षे हेच काम करून तयार झालेले उत्तरांचे साचे असतात. चालकाचा परवाना त्या वर्गाचा नव्हता, परमिट संपले होते, जखमीचीही निम्मी चूक होती, हेल्मेट नव्हते. परवान्याच्या सबबीवर कंपनीने हात झटकले तरी 'आधी जखमीला द्या, मग मालकाकडून वसूल करा' असा आदेश मागता येतो, ही वाट स्वर्णसिंग खटल्याने २००४ सालीच रुळवली. ती माहीत नसलेला अर्जदार कंपनीचे उत्तर वाचूनच गारठतो. कंपनीने वकील लावणे याला मी गैर म्हणत नाही, तो तिचा हक्क आहे. पण एका बाजूला पॅनेल आणि दुसऱ्या बाजूला कुबडी टेकवत आलेला टेम्पोवाला, यालाच 'साधी सोपी प्रक्रिया' म्हणून विकायचे असेल तर निदान ती कुणासाठी सोपी हे सांगा.

पोलिसांच्या अहवालाचा युक्तिवाद मला सर्वांत फसवा वाटतो, कारण तो सुधारणेच्या कपड्यात येतो. नव्या नियमांचे मी स्वागतच करतो. पूर्वी गाडीचा विमा कोणत्या कंपनीचा हे शोधायलाच महिने जात. सविस्तर अहवालात आता गाडी, मालक, परवाना, विमा, नकाशा, साक्षीदार असे सगळे येते. पण तो नव्वद दिवसांत पूर्ण व्हायचा आहे. नव्वद दिवसांत चुरा झालेले हाड पुरते जुळलेलेही नसते. पाय आखूड राहणार का, सांधा बदलावा लागणार का, हे अजून डॉक्टरलाही माहीत नसते. ठोकले कुणी, हे पोलिसांचा अहवाल सांगेल. काय मोडले आणि त्याने आयुष्यात काय काय बंद पडले, हे तो सांगू शकत नाही, ते त्याचे कामही नाही. २०२५च्या कॅशलेस उपचार योजनेचेही असेच आहे. अपघातापासून सात दिवस, दीड लाखापर्यंत. जीव वाचवायला अमूल्य. आठव्या दिवसापासूनचे काय, हा दाव्याचाच प्रश्न उरतो.

आता 'मिटवून टाका' या सल्ल्याकडे येतो, कारण खरे नुकसान इथे होते. रुग्णालयात मालकाचा माणूस येतो, वीस-पंचवीस हजार ठेवतो आणि 'आमची कुणाविरुद्ध तक्रार नाही' अशा मजकुरावर सही मागतो. हे जुने. नवे अधिक सभ्य आहे. २०१९च्या दुरुस्तीने कलम १६४ आणले. चूक कुणाची हे न बघता मृत्यूला पाच लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. कंपनीच्या अधिकाऱ्याने तडजोडीचा प्रस्ताव द्यायचा, मान्य झाला तर पैसे लवकर मिळायचे. ज्याला किरकोळ फ्रॅक्चर आहे, जो महिन्याभरात कामावर जाणार आहे, त्याच्यासाठी हे उत्तमच. पण कलम १६६चे परंतुक किती लोक वाचतात? ही रक्कम रीतसर स्वीकारली की न्यायाधिकरणासमोरचा दावा संपुष्टात येतो. आपल्या टेम्पोवाल्याने अडीच लाखांवर सही केली तर एकोणतीस लाखांचा प्रश्नच उरत नाही. सही करण्यापूर्वी 'दादा, हे घेतले की पुढचे बंद' एवढे सांगणारा माणूस शेजारी हवा, आणि तो विमा कंपनीचा नसावा. लोकअदालतीतही हेच. तिथे मिटले की निवाडा अंतिम, विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे त्यावर अपील नाही. लोकअदालत चांगली की वाईट हा प्रश्न नाही. आकडा समोर आल्यावर तो कमी आहे की रास्त आहे, हे ज्याला ताडता येत नाही त्याची ती तडजोड कसली?

मुदतीचे सांगतो आणि पुढे जातो. १९९४ पासून दाव्याला मुदतच नव्हती. २०२२ पासून सहा महिन्यांची आली. तिला आव्हान दिले गेले आहे, आणि केवळ मुदत टळली म्हणून दावे फेटाळू नका असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. पण अंतरिम आदेशाच्या भरवशावर घरी बसणे शहाणपणाचे नाही. शिवाय व्याज दाव्याच्या तारखेच्या आधीपासून मिळत नाही. अपघात कामावर असताना झाला असेल तर कामगारांच्या भरपाईच्या कायद्याखाली जायचे की मोटार वाहन कायद्याखाली, हे एकदाच निवडावे लागते. स्वतःचीच चूक असेल तर पहिला मार्ग तारतो, दुसऱ्याची चूक आणि कमाई चांगली असेल तर दुसरा जास्त देतो. इथे वाट चुकली की परत फिरता येत नाही.

एक आक्षेप नैतिक स्वरूपाचा आहे आणि तो आपल्या मध्यमवर्गात खोल रुजला आहे. अपघात नशिबाने होतो, त्याचे पैसे मागणे म्हणजे दुःखाचा बाजार. या आक्षेपाला मी फार वेळ देणार नाही. कलम १४६ने प्रत्येक वाहनावर तिसऱ्या पक्षाचा विमा सक्तीचा केला तो याचसाठी. रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक वाहनमालकाला हप्ता भरणे बंधनकारक आहे. ते पैसे जखमीसाठी जमा केलेले आहेत. त्याने ते मागण्यात भीक कसली आणि बाजार कसला.

उरला वकिलांच्या लबाडीचा मुद्दा. तो मी झाकणार नाही. उत्तर प्रदेशात खोट्या अपघात दाव्यांची चौकशी करायला अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१५ साली विशेष तपास पथक नेमावे लागले, आणि या प्रकरणात बेफिकीर राहिल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तिथल्या बार कौन्सिलला खडसावले. तेलंगणातले प्रकरण तर लाज वाटावी असे. अपघातात नवरा गमावलेल्या बाईकडून भरपाईच्या टक्क्यांत फी घेतली, वर तीन लाखांचा धनादेश लिहून घेतला, आणि तो वटला नाही म्हणून वकिलानेच तिच्यावर फौजदारी केली. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली आणि वकिलांच्या फीवर नियंत्रणच नाही याबद्दल चिंता व्यक्त केली. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी निकालावर अवलंबून फी ठरवायला किंवा भरपाईत वाटा घ्यायला स्पष्ट मनाई आहे. तरी टक्के चालतात. हे कोर्टाच्या आवारातल्या चहावाल्यालाही माहीत आहे.

पण यातून निघतो तो निष्कर्ष कोणता? बोगस दावा दाखल करणारा आणि अशिलाला लुबाडणारा वकील शिक्षेला पात्र आहे, म्हणून खऱ्या जखमीने निःशस्त्र जावे, हे कुठले तर्कशास्त्र? टक्क्यांचा सौदा तोंडी होतो तेच दुखणे आहे. नियमाने बंदी आहे म्हणून तो कागदावर येत नाही, आणि कागदावर नाही म्हणून नंतर भांडता येत नाही. त्यावर उपाय सांगता येतात. फी आधी ठरवा, ठोक ठरवा, लेखी घ्या, प्रत्येक रकमेची पावती मागा. कोऱ्या कागदावर आणि कोऱ्या धनादेशावर सही नको. अपंगत्वाचे टक्के वाढवून आणतो म्हणणाऱ्या वकिलाच्या दारातूनच परत फिरा, कारण पकडले गेल्यावर खरी दुखापतही खोटी ठरते. भरपाई थेट अर्जदाराच्या बँक खात्यात जावी यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये निर्देश दिले आहेत, ते पाळले जातात का हे बघा. ते निर्देश ज्या प्रकरणात आले तेही बोलके आहे. न्यायाधिकरणांत जमा झालेल्या मोठ्या रकमा हक्कदारांनी नेल्याच नव्हत्या. निकाल लागला, पैसे आले, आणि जखमीला कुणी कळवलेच नाही. हा ठपका अनेक वकिलांवर बसतो आणि तो बसायलाच हवा. पण ज्या व्यवस्थेत मंजूर झालेले पैसेसुद्धा आपोआप माणसापर्यंत पोहोचत नाहीत, तिच्यात दावा आपोआप उभा राहील असे सांगणाऱ्यांनी जरा थांबून विचार करावा.

वकील परवडत नाही, हा आक्षेप मात्र रास्त आहे, आणि त्याचे उत्तर १९८७च्या कायद्यात आहे. विधी सेवा प्राधिकरण कायद्याचे कलम १२ स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, औद्योगिक कामगार यांना मोफत वकिलाचा हक्क देते. इतरांना उत्पन्नाची अट आहे, महाराष्ट्रात वर्षाला तीन लाख रुपये. पण त्याच कलमात अपंग व्यक्तींचाही समावेश आहे, त्यांना उत्पन्नाची अट नाही. म्हणजे अपघाताने ज्याला कायमचे अपंगत्व आले, तो त्या अपंगत्वामुळेच मोफत वकिलाला पात्र ठरू शकतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, न्यायाधिकरणही बहुधा तिथेच. पोलिसांचा अहवाल आल्यावर न्यायाधिकरण जखमीला जी पहिली नोटीस पाठवते, तिच्यावरच ठळक मराठीत छापावे की तुम्हाला मोफत वकील मिळू शकतो, अमुक मजल्यावर अमुक खोलीत जा, आणि त्याला भेटेपर्यंत विमा कंपनीच्या कोणत्याही कागदावर सही करू नका. वकिलांविरुद्ध लेख लिहिणाऱ्यांनी ही एक मागणी लावून धरली, तर मी त्यांच्या निवेदनावर सही करायला तयार आहे.